ताणा उचलेपर्यंत

आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी घरातून निघताना मी दात कोरायच्या काड्यांची डबी खिशात टाकायचो. माझी बायको सगुणा दरवर्षी दारात उभी राहून तेच विचारायची, "तोंडांत तितके दांत तरी राहिले आहेत कीं? अख्खी डबी कशास?"

काड्या दातांसाठी नव्हत्या. आमच्या कुंभकोणम भागात आयुधपूजेला प्रत्येक माणूस आपल्या पोटापाण्याच्या हत्याराला चंदन-कुंकू लावतो. सुताराची करवत, शिंप्याचं यंत्र, रिक्षा, बस, वजनाचा काटा, कचेरीतला संगणक, काही म्हणून सुटत नाही. मग संगणकाशेजारी भिंतीवर बसवलेली आमची पेटी कशी सुटणार? साक्कोट्टैच्या एका तांदूळ गिरणीच्या मालकानं तर इतक्या भक्तीनं चंदन फासलं होतं की वायरी खोवायच्या सगळ्या खोबणी लिंपून गेल्या. मी जमिनीवर मांडी घालून काडीनं एकेक खोबण कोरत होतो आणि मालक डोक्यावर उभा राहून म्हणत होता, "हळू, सार. देवाचं आहे ते." मी म्हटलं, देवाचं आहे म्हणूनच काडीनं काढतोय, नाहीतर चाकू घेतला असता. तो हसला नाही. काम झाल्यावर मात्र त्यानं मला उत्तम डिग्री कापी, म्हणजे आमच्याकडची दाट फिल्टर कॉफी, पाजली आणि पेटीला पुन्हा एक कुंकवाचा टिळा लावला, या खेपेला पाठीवर.

धंदा नेमका काय ते सांगून टाकतो, कारण माझ्या सख्ख्या मेव्हण्यालाही तो शेवटपर्यंत कळला नाही. तो लोकांना सांगायचा, भावोजी टीव्हीची केबल जोडतात.

एखाद्या संस्थेची मुख्य कचेरी एका गावी असते आणि शाखा दहा गावी. मधली लाइन तिसऱ्याच कंपनीची. काम अडलं की शाखा कचेरीकडे बोट दाखवते, कचेरी लाइनवाल्यांकडे, आणि लाइनवाले म्हणतात, आमचा दिवा हिरवा आहे, तुमचं तुम्ही बघा. या भांडणात खरं काय ते सांगायला आमची कंपनी शाखेत एक पेटी बसवायची. लाइन इमारतीत जिथे शिरते तिथेच, अगदी उंबऱ्यावर. ही पेटी दिवसभर पलीकडच्या टोकाला छोटे छोटे निरोप धाडत राहते. ते किती वेळात पोचले, किती वाटेतच हरवले, एक धावत गेला आणि दुसरा रेंगाळला असं झालं का, हे ती टिपते. लाइन काचेच्या तंतूची असेल तर त्यातून पेटीपर्यंत उजेड किती पोचतो तेही मोजते. शाखेतून काय बाहेर गेलं आणि काय आत आलं, कामाच्या फायली की सिनेमे, तेही तिला कळतं. हे सगळं पुण्यातल्या आमच्या देखरेखीच्या खोलीत पडद्यावर उमटतं. पडद्यावर जे उमटलं ते जागेवर जाऊन बघणं हे माझं काम. मोटरसायकल, शिडी, एक पिशवी आणि मी.

लाइन साफ बंद पडली तर आम्हाला फारसा त्रास नसतो. कुठे तुटली ते शोधायचं आणि जोडायची. शिवाय पेटीत मोबाइलचं सिम असतं, लाइन मेली की पेटी आपणहून सिमवर जाते. नाकी नऊ येतात ते आजारी लाइनीपायी. मेलेली नाही म्हणून पेटी सिमवर जात नाही, आणि धड जिवंत नाही म्हणून काम होत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "हळू चालतंय." हळू म्हणजे किती, कधी, कोणासाठी, हे त्याला सांगता येत नाही. आपण जाऊन बघावं तर सगळं सुरळीत, आणि आपण वळून गल्लीच्या टोकाला पोचतो न पोचतो तोच फोन येतो. या धंद्यातल्या माझ्या वर्षांतले निम्मे हेलपाटे असे आहेत.

पुण्याच्या खोलीत मीनल नावाची मुलगी होती. माझा पहिला फोन तिला लागला तेव्हा मी इंग्रजीत सुरुवात केली. तिनं नाव ऐकलं, राव, आणि विचारलं, "काका, तुम्ही मराठी का?" मी म्हटलं, "होय कीं! तंजावरचे आम्ही. कुंभकोणास राहतों. तूं कोठली?" मग ती हसायला लागली. "काका, तुम्ही बोललात ना, मला वाटलं शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातला खलिता बोलायला लागला." त्या दिवसापासून लाइनीची भाषा संपली की ती मला मुद्दाम आणखी चार वाक्यं बोलायला लावायची. आमचं मराठी आमच्या चार भिंतींपुरतं. दाराबाहेर पाय टाकला की तमिळ. त्यामुळे माझ्या बोलण्याला इतकं उत्सुक गिऱ्हाईक मला तोवर कधी मिळालं नव्हतं. हा लेखही तिच्याच आग्रहानं लिहितो आहे, आणि पुण्याच्या वाचकाला कळावं म्हणून लिखाणात मी माझं मराठी जरा विंचरून घेतलं आहे.

आता तिरुभुवनमची गोष्ट. कुंभकोणमहून मयिलाडुतुरैच्या रस्त्याला लागलं की हे रेशमी साड्यांचं गाव येतं. तिथल्या विणकरांच्या एका गल्लीत कुंभकोणमच्या एका नेत्र रुग्णालयानं छोटं केंद्र उघडलं होतं. दोन खोल्या, एक बाक, डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढायचं यंत्र आणि ते चालवणारी तमिळसेल्वी. ही तिरुप्पनंदाळकडची. रोज बसनं यायची, डबा आणि छत्री घेऊन. डॉक्टरीणबाई कुंभकोणममध्ये बसून सकाळी पडद्यावर पेशंट बघत. सेल्वी इथे फोटो काढी, तो लाइनीतून तिकडे जाई, बाई बघून सांगत, जरा डावीकडे, पुन्हा घे, आता वर बघायला सांग. सकाळची ही बैठक संपली की बाई ऑपरेशनला जात, मग दिवसभर त्यांना फुरसत नसे.

केंद्र गल्लीतच हवं होतं, याचं कारण विणकराच्या कामात आहे. त्याचा डोळा म्हणजे त्याचं पोट, पण डोळा दाखवायला शहरात जायचं तर बस, रांग, पुन्हा बस, आणि माग दिवसभर थांबलेला. म्हणून तो जातच नाही. आज जाऊ, पुढच्या साडीनंतर जाऊ, असं म्हणत राहतो. केंद्र दारात आलं तेव्हा कुठे म्हातारी माणसं बाकावर येऊन बसायला लागली.

आणि नेमक्या त्या केंद्राची लाइन आजारी पडली. पडद्यावर डॉक्टरीणबाईंचा चेहरा तोंड उघडं असतानाच थिजून जाई. फोटो अर्धा जाऊन अडके. बैठक संपायच्या सुमारास सगळं सुधारे, आणि तोवर बाई उठून गेलेल्या असत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बाकावर एक वयस्क विणकर बसले होते. डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे मान वर करून छताकडे तोंड. सेल्वीनं ओळख करून दिली, "हे कुप्पुसामी अय्या. समोरचंच घर." त्यांना साखरेचा विकार होता. उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगतात म्हणत होते. त्यात मोतीबिंदूही धरला होता, म्हणून फोटो धूसर येई, आणि बाई समोर बसून सांगत असतील तरच चांगला निघे. सेल्वीनं नंतर पाठवलेले फोटो बाईंना पुरेसे वाटले नव्हते.

"अय्या, तुम्ही सरळ कुंभकोणमला का जात नाही?" मी विचारलं. "मी गाडीवर नेतो."

"लग्नाची साडी मागावर आहे, सार," ते छताकडे बघतच म्हणाले. "ती उतरली की जातो. आणि डॉक्टर अम्माचं यंत्र आहे ना इथं. आज नाही तर उद्या चालेल."

मी लाइन तपासली. उत्तम. निरोप झटपट जात होते, एकही हरवत नव्हता. मी परत आलो. दोन दिवसांनी पुन्हा तक्रार, पुन्हा मी, पुन्हा लाइन उत्तम. तिसऱ्या खेपेला रुग्णालयाचा व्यवस्थापक माझ्याआधीच येऊन बसला होता. माणूस वाईट नव्हता, पण वरून दट्ट्या होता. त्यानं सेल्वीच्या देखतच मला विचारलं, "राव सार, ही मुलगी सकाळी लाइनीवर सिनेमे बघत असेल का?"

सेल्वीचा चेहरा उतरला. ती यंत्रावरची धूळ पुसायला लागली. मी तिथूनच पुण्याला फोन लावला आणि मीनलला म्हटलं, या पेटीतून सकाळच्या वेळी काय काय गेलं ते वाच. मीनलनं वाचलं. डोळ्यांचे फोटो, डॉक्टरांची बैठक, आणि दुसरं काही नाही. मी ते व्यवस्थापकाला तमिळमध्ये शब्दन् शब्द सांगितलं, जरा आवाज चढवूनच. मला राग आला होता. तो ओशाळला. "मग काय आहे?" म्हणाला. "डॉक्टर रोज थिजलेल्या तोंडाकडे बघत बसतात. त्यांनी हात टेकलेत. महिनाअखेरीपर्यंत सुधारलं नाही तर हे केंद्र बंद करून यंत्र दुसऱ्या गावी न्यायचं ठरलंय."

कुप्पुसामी अय्या त्या दिवशीही बाकावर होते. त्यांनी मान खाली केली आणि थेंब गालावर ओघळू दिले.

आता तुम्ही विचाराल की तक्रार सकाळची, मग मी सकाळी का जात नव्हतो. मी सकाळीच जात होतो. कुंभकोणमहून लवकर निघायचो आणि गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर थांबायचो. कारण सकाळी त्या गल्लीत ताणा पसरलेला असतो.

साडीचे उभे धागे म्हणजे ताणा. आमच्याकडे त्याला पावु म्हणतात. कोवळ्या उन्हात विणकर तो अख्ख्या गल्लीभर लांबवून, काठ्यांवर कमरेइतका उंच ताणतात. घरातली बाया-माणसं दोन्ही बाजूंना उभी राहून धागे सारखे करतात, तुटलेलं टोक जोडतात, खळ देतात. हजारो धागे. एकाला चप्पल अडकली, सायकलचं हँडल लागलं की आठवड्यांची मेहनत गेली. म्हणून ताणा पसरलेला असताना गल्लीत कोणी शिरत नाही. पोस्टमन शिरत नाही, दूधवाला शिरत नाही, देवाची पालखीसुद्धा वळसा घेते म्हणतात. कोणी बोर्ड लावलेला नाही, पण इथे वाढलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. केंद्रात येणारी म्हातारी माणसं गल्लीतलीच, ती भिंतीच्या कडेनं सरकत येत. सेल्वी मागच्या बोळातून. माझी शिडी आणि गाडी घेऊन जाणं मला शोभलं नसतं. ऊन चढलं, ताणा उचलला की मी आत. लाइनवाल्यांचा माणूसही तसाच. तो तर माझ्याच शेजारी बसून वडा खायचा.

एका सकाळी मी इडलीच्या ताटावर असताना मीनलचा फोन आला. तिनं नेहमीची पानं सोडून आतलं एक पान उघडलं होतं, उजेडाचं. ते सहसा कोणी बघत नाही, कारण लाइन मेल्याशिवाय त्याची घंटा वाजत नाही.

"काका, या पेटीचा उजेड सकाळी कमी होतो. अगदी विझत नाही, पण मंदावतो. मग ऊन वर आलं की आपोआप पहिल्यासारखा."

"मग केबलींत कोठें तरी दोष असेल. दवानें भिजत असेल."

"तेच तर. उलटं आहे. पाऊस पडला त्या दिवशी उजेड छान होता. कोरडी सकाळ असली की मंदावतो. अशी लाइन मी बघितलेली नाही. आणि गेल्या आठवड्यात एक दिवस पाऊस नव्हता, तरीही काही झालं नाही. बुधवारी. बुधवारी काय होतं तुमच्याकडे?"

मला काही आठवेना. मी मोठ्यानं म्हटलं, "बुधवारी काय होतें?"

सगुणा चटणी वाढत होती. "अवस होती," ती म्हणाली. "तुम्हीं तर्पण केलांत, मी कांदा घातला नाहीं, म्हणून सांबार बेचव म्हणून कुरकुर केलीत. इतक्यांत विसरलांत?"

अमावास्येला आमच्याकडचे विणकर मागाला हात लावत नाहीत. पावसात ताणा पसरता येत नाही. कोरड्या सकाळी, अमावास्या सोडून, त्या गल्लीत एकच गोष्ट होते. आणि ती होत असताना मी, लाइनवाला आणि जगातला प्रत्येक शहाणा माणूस टपरीवर चहा पीत बसतो. मी ताटावर हात धुतला. मीनल फोनवर विचारत होती, "काका, काय झालं? काय झालं?" मी म्हटलं, "सांगतों, आधीं जाऊन येतों."

दुसऱ्या दिवशी मी गाडी टपरीपाशी ठेवली, शिडी ठेवली, चपला काढल्या आणि पिशवी छातीशी धरून भिंतीला पाठ लावून गल्लीत शिरलो. टपरीवाला माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी सोवळ्याच्या स्वयंपाकघरात घुसलो होतो. ताणा अजून पुरता पसरला नव्हता. पिवळं रेशीम, काठ मोरपिशी. बाया काठ्या खोचत होत्या. मला बघून एकजण ओरडली, मी दोन्ही हात जोडले आणि जागीच उभा राहिलो.

आमची काळी केबल खांबावरून तिरकी येऊन, गल्ली ओलांडून केंद्रात जात होती. लाइनवाल्यांनी ती ओढून घेतली नव्हती, मधे पोट सुटल्यासारखी लोंबत होती. त्या पोटावर दव जमलं होतं आणि थेंब खाली टपकत होते. केबलीवरची काजळी घेऊन ते पिवळ्या रेशमावर पडले असते तर डाग कायमचा.

समोरच्या घरातून एक माणूस लांब बांबू घेऊन बाहेर आला. बांबूच्या टोकाला आकडा होता. त्यानं तो हवेत दोन-तीनदा चाचपला, केबल सापडली, ती अलगद बाजूला ओढली, खिडकीच्या गजाशी आणली, घडी घातली आणि मऊ कापडाच्या पट्टीनं बांधली. बांधताना डोळे गाठीवर नव्हतेच, बोटंच सगळं बघत होती. मग कापडाच्या बोळ्यानं तिच्यावरचं दव पुसलं.

ते कुप्पुसामी अय्या होते.

मी जवळ जाऊन हाक मारली. मला आवाजावरून ओळखून त्यांना आनंदच झाला. "या सार! बघा, तुमची वायर किती जपतो मी. आधी पोरं ती दोरीनं बांधायची. मी म्हटलं, डॉक्टर अम्माची वायर आहे, तिला ओरखडा येता कामा नये. म्हणून सुती पट्टी आणली. रोज मीच बांधतो, मीच सोडतो. दुसऱ्याला हात लावू देत नाही."

मी घडीकडे बघितलं. तांब्याची वायर असती तर त्या घडीनं काहीही झालं नसतं. पण आत केसाएवढी काच होती, आणि काचेतला उजेड हलक्या वळणावर वळतो, इतक्या करकचून घातलेल्या घडीत तो वळत नाही, सांडून जातो. सगळा नाही, काही. तेवढाच जो डोळ्याचा फोटो पलीकडे न्यायला लागतो. सिमवर टाकून बघावं तर त्या गल्लीत मोबाइलला इतका दम नव्हता की फोटो जाईल.

सांगायला तर हवं होतं. मी खूप घोळवून सांगितलं. आत काच आहे, अय्या, वळण मोठं हवं. त्यांनी सगळं ऐकलं. घडीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी एकच विचारलं.

"म्हणजे अम्माचं यंत्र सकाळी चालत नाही ते ह्याच्यामुळं?"

"हो."

"रोज?"

"ज्या दिवशी ताणा असतो त्या दिवशी."

त्यांनी पट्टीची गाठ सोडायला घेतली आणि त्यांची बोटं, जी तुटलेला रेशमाचा धागा न बघता जोडायची, ती गाठीतच अडखळली. मला तिथे उभं राहवेना. सगळी गल्ली ताण्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहून आमच्याकडे बघत होती.

केबल उंच करायला नवा खांब हवा, त्याला पंचायतीची परवानगी हवी, म्हणजे महिनाअखेर सहज उलटणार. केबल खाली सोडावी तर ताण्यावर डाग. अखेरीस मार्ग अय्यांच्या घरातूनच निघाला. त्यांच्या बायकोनं सूत गुंडाळायचं जुनं लाकडी चाक माळ्यावरून काढलं, मोठ्या परातीएवढं, कडेला खाच असलेलं. मी ते खिडकीशेजारी भिंतीवर ठोकलं. केबल ओढून त्या खाचेत बसवली की तिला ऐसपैस गोल वळण मिळे. मी पुण्याला फोन लावला. मीनलनं उजेडाचं पान उघडून ठेवलं होतं. अय्यांनी बांबूनं केबल उचलली, चाकावर बसवली. मी विचारलं, "मंदावला?"

"नाही काका. हललासुद्धा नाही! तुम्ही काय बसवलंत तिथे?"

"सूत गुंडाळावयाचें चाक," मी म्हटलं. तिला वाटलं मी पुन्हा खलित्याच्या भाषेत काही म्हणतोय. तिनं तक्रारीच्या पानावर काय लिहिलं ते मी कधी विचारलं नाही.

त्याच सकाळी, ताणा गल्लीत असतानाच, सेल्वीनं अय्यांना यंत्रापुढे बसवलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडद्यावर हलत होता, बोलत होता. बाई सांगत होत्या, डावीकडे, आणखी, पापणी वर धर, हां, घे. फोटो गेला. दुसरा गेला. मी दाराशी उभा होतो. बाईंनी दुसरा फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "ह्यांना आजच पाठव. आत्ता. मी ऑपरेशन थांबवते." लग्नाची साडी मागावर राहिली. अय्यांना मी गाडीवर घेऊन गेलो, माझ्या पाठीला धरून ते मागे बसले होते.

डाव्या डोळ्याला लेझर केलं, तो वाचला. उजव्यात रक्त उतरून बरेच दिवस झाले होते. त्याचं काही करता आलं नाही. बाईंनी स्पष्टच सांगितलं, थोडं आधी दिसलं असतं तर दोन्ही वाचवले असते.

केंद्र बंद झालं नाही. महिनाअखेरीला व्यवस्थापक आला, सेल्वीची त्यानं सर्वांसमोर माफी मागितली, आणि तिनं ती मान्य केली पण त्याला कापी विचारली नाही. माझ्या कंपनीनं मला शाबासकीचं पत्र दिलं. ते घेताना मला काही वाटलं नाही, कारण माझ्या मनात तो उजवा डोळा होता. पेटी तर पहिल्या दिवसापासून सांगत होती. उजेड मंदावतोय, उजेड मंदावतोय, रोज सकाळी. तिचं ऐकायला सकाळी त्या गल्लीत जायला हवं होतं आणि आम्ही सगळी सभ्य माणसं टपरीवर बसलो होतो. हे मी पुष्कळ दिवस स्वतःशी घोळवत राहिलो. सगुणानं एकदा विचारलंही, "मजला सांगाल तरी काय जाहलें तें?" तिलाही धड सांगता आलं नाही.

निवृत्त व्हायच्या आधी सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकदा जाऊन यायचं म्हणून मी तिरुभुवनमला गेलो. सकाळ होती. टपरीपाशी गाडी लावली आणि सवयीनं बाकावर बसलो. ताणा पसरायचं चाललं होतं, लाल रेशमाचा. नवा खांब अजून आला नव्हता, भिंतीवरचं चाक तसंच होतं. आयुधपूजा नुकतीच झाली होती, त्याच्यावर चंदनाचे पट्टे आणि कुंकू.

कुप्पुसामी अय्या बाहेर आले. चष्म्याची उजवी काच हिरवी. त्यांनी मला लांबूनच बघितलं, डाव्या डोळ्यानं, आणि भिंतीच्या कडेनं टपरीपर्यंत चालत आले. माझ्या शेजारी बसले. हा माझा शेवटचा फेरा, असं मी सांगितलं.

"सार, एक विचारतो. खरं सांगा. हा डोळा माझ्याच हातानं गेला ना? रोज मी ती घडी घालत होतो."

"नाही अय्या," मी म्हटलं. "डोळा साखरेनं नेला. आणि मी उशीर केला. किती खेपा मी इथे, ह्याच बाकावर बसून राहिलो. एकदा जरी आत आलो असतो तरी दिसलं असतं." हे मी प्रथमच कोणाजवळ बोललो.

अय्यांनी मान हलवली. "तुम्ही उशीर नाही केलात, सार. आमचा ताणा उचलेपर्यंत थांबलात."

मग ते उठले. बांबूनं केबल उचलून चाकाच्या खाचेत बसवली, दव पुसलं, आणि माझा हात धरला. लाल ताण्याच्या कडेनं, एका धाग्यालाही धक्का न लागू देता, ते मला सेल्वीच्या दारापर्यंत आत घेऊन गेले.